उपयोग बदललेल्या वास्तूतील दिशादर्शक फलकयोजना व दृश्य ओळख : लंडन, पॅरिस आणि मुंबई येथील निवडक वास्तूंच्या आधारे एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कार्यालयासाठी बांधलेली इमारत कालांतराने न्यायालय, संग्रहालय किंवा कलाकेंद्र बनते. अशा वेळी भिंती, छप्पर, जिने, विजेची जोडणी यांत झालेल्या बदलांची नोंद नकाशांत व कागदपत्रांत राहते. दारावरची जुनी पाटी केव्हा उतरवली, तिच्या जागी कोणती लावली आणि ती कोणाला वाचता येईल असे गृहीत धरले, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तुइतिहासात पाटीला सजावटीपेक्षा अधिक महत्त्व फारसे दिले गेलेले नाही. वास्तविक पाहता, नव्याने येणाऱ्या माणसाला इमारत प्रथम भेटते ती पाटीच्या रूपाने. त्याला आत येण्याचा अधिकार आहे की नाही, त्याचे काम कोठे होईल आणि तेथे पोहोचण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागेल, हे पाटी सांगते किंवा सांगत नाही.

कार्यालयाची इमारत मुळात तेथे रोज येणाऱ्यांसाठी आखलेली असते. कारकून, अधिकारी व शिपाई यांना वाट पाठ असते. इमारतीचा उपयोग बदलून ती सार्वजनिक झाली म्हणजे आयुष्यात एकदाच येणारी माणसे तेथे येऊ लागतात. या अनोळखी माणसाची सोय कशी लावायची, हा उपयोग बदललेल्या प्रत्येक वास्तूपुढील प्रश्न आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कार्यालयीन वास्तूच्या मूळ रचनेत मार्ग दाखवण्याची कोणती साधने अंतर्भूत होती, हे पाहणे.
२. विसाव्या शतकात फलकयोजना व दृश्य ओळख हे स्वतंत्र रचनाशास्त्र कसे बनले, याचा आढावा घेणे.
३. मुंबईतील उपयोग बदललेल्या शासकीय वास्तूंच्या संदर्भात देवनागरी लिपी, कायदा व वारसा जतन यांमुळे निर्माण होणाऱ्या प्रश्नांची मांडणी करणे.

संशोधन पद्धती व संज्ञा

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इमारतीत वा शहरात इष्ट स्थळी पोहोचण्याच्या मानवी कृतीस येथे ‘मार्गशोध’ म्हटले आहे. त्यासाठी लावलेल्या पाट्या, बाण, क्रमांक, नकाशे व चित्रचिन्हे यांच्या एकत्रित रचनेस ‘फलकयोजना’ ही संज्ञा वापरली आहे. संस्थेचे बोधचिन्ह, अक्षरवळण व रंग यांतून तयार होणाऱ्या एकसंध प्रतिमेस ‘दृश्य ओळख’ असे संबोधले आहे. फलकांचे कार्यानुसार चार प्रकार मानता येतात : स्थळाचे नाव सांगणारा ओळखफलक, वाट दाखवणारा दिशाफलक, संपूर्ण वास्तूची कल्पना देणारा नकाशाफलक आणि परवानगी किंवा मनाई कळवणारा नियमफलक.

सॉमरसेट हाऊस : दार हीच पाटी

केवळ सरकारी कार्यालयांसाठी योजनापूर्वक बांधलेल्या आरंभीच्या भव्य इमारतींत लंडनमधील सॉमरसेट हाऊसची गणना होते. सोळाव्या शतकातील जुना राजवाडा पाडून १७७६ मध्ये सर विल्यम चेंबर्स या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार तिचे काम सुरू झाले. शहरात विखुरलेली सरकारी कार्यालये एका ठिकाणी आणणे हा त्यामागील हेतू होता. आरमाराशी संबंधित खाती, मुद्रांक कार्यालय व कर कार्यालय यांना तेथे जागा मिळाली. स्ट्रँड या रस्त्याकडील भागात रॉयल अकॅडमी, रॉयल सोसायटी व सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या विद्वत्संस्था आल्या.

चेंबर्सने केलेली जागेची वाटणी मार्गशोधाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याने प्रत्येक खात्याला मजला वाटून दिला नाही. तळघरापासून माळ्यापर्यंतचा सहा मजल्यांचा एक उभा पट्टा प्रत्येक खात्याला मिळाला. भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांच्या रांगेप्रमाणे ही रचना होती. खात्याचे दार वेगळे आणि जिनाही वेगळा. त्यामुळे चौकात उभ्या असलेल्या माणसाला एकच निर्णय घ्यावा लागे, तो म्हणजे कोणत्या दारातून शिरायचे. योग्य दार सापडले की पुढे चुकण्याचा संभव फारसा नव्हता. येथे दारानेच पाटीचे काम केले.

दार ओळखण्यासाठीही अक्षरांवर भिस्त नव्हती. स्ट्रँडकडील प्रवेशमार्गात रॉयल अकॅडमीच्या दारावर मायकेलँजेलोचा आणि रॉयल सोसायटीच्या बाजूच्या दारावर न्यूटनचा अर्धपुतळा बसवण्यात आला होता. कलावंत कोणीकडे व शास्त्रज्ञ कोणीकडे, हे दगडातील मुखवटे सांगत. मात्र ही खूण सुशिक्षितालाच उमगणारी होती. ज्याला मायकेलँजेलो ठाऊक नाही, त्याला तो एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा होता. चित्ररूप खूण सर्वांना आपोआप समजते, हा समज किती अपुरा आहे, याचे हे जुने उदाहरण होय.

पुढील दोन शतकांत या वास्तूतील रहिवासी बदलत गेले. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवणारे कार्यालय १८३६ मध्ये तेथे आले व १९७० पर्यंत राहिले. १८४९ मध्ये मुद्रांक, कर व अबकारी यांच्या एकत्रीकरणातून इनलँड रेव्हेन्यू हे खाते निर्माण झाले आणि सॉमरसेट हाऊस हे नाव इंग्रजांच्या बोलण्यात करवसुलीशी जोडले गेले. आरमाराची खाती १८७३ मध्ये बाहेर पडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस परिवर्तनाला वेग आला. १९८९ मध्ये कोर्टोल्ड कलासंस्था तेथे स्थलांतरित झाली आणि १९९७ मध्ये वास्तूसाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला. कर खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहत तो मधला चौक २००० मध्ये ५५ कारंज्यांसह जनतेला खुला झाला. कर खात्याचा उरलेला भाग २०१३ पर्यंत रिकामा झाला.

कार्यालयाचे कलाकेंद्र होताना उभ्या पट्ट्यांची मूळ शिस्त अडचणीची ठरते. कलादालनाला आडवी सलग जागा लागते. एका दालनातून दुसऱ्या दालनात प्रेक्षकाला सहज जाता आले पाहिजे. त्यासाठी पूर्वीच्या दोन खात्यांमधील भिंतीत वाट काढावी लागते. अशी वाट काढली की ‘एक दार, एक खाते’ हा सोपा नियम कोसळतो. एका दारातून शिरलेला माणूस दुसऱ्याच दारातून बाहेर पडू शकतो. वास्तू पूर्वी जे न बोलता सांगत होती ते आता लिहून सांगावे लागते. फलकयोजनेची गरज भिंत फोडल्याच्या क्षणी निर्माण होते, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढता येतो.

फलकयोजनेचे शास्त्र

लिहून सांगण्याच्या या कलेला विसाव्या शतकात शास्त्राचे रूप आले. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन याने घडवलेले अक्षरवळण १९१६ पासून वापरात आले. संपूर्ण वाहतूक संस्थेला एकाच अक्षराने ओळख देण्याचा हा आरंभीचा व यशस्वी प्रयत्न होता. ऑटो न्यूराथ याने व्हिएन्ना येथे १९२० च्या दशकात सामाजिक आकडेवारी चित्रचिन्हांतून मांडण्याची पद्धत विकसित केली आणि पुढील चित्रचिन्हांना वैचारिक पाया दिला. ब्रिटनमध्ये जॉक किनिर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी १९५८ मध्ये सुरू झालेल्या गॅटविक विमानतळाचे फलक केले आणि नंतर महामार्ग व रस्ते यांचे. संपूर्ण नाव मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहिण्याऐवजी पहिले अक्षर मोठे व उरलेली लहान ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला. चालकाला एकेक अक्षर न वाचता शब्दाचा आकार ओळखता यावा, हे त्यामागील कारण होते.

‘मार्गशोध’ या कल्पनेला सैद्धांतिक चौकट दिली ती केव्हिन लिंच याच्या १९६० मधील नगरविषयक ग्रंथाने. शहर मनात साठवताना माणूस वाटा, सीमा, विभाग, चौक व ठळक खुणा या पाच घटकांचा आधार घेतो, असे त्याने मांडले. पुढे रोमेडी पासिनी याने १९८४ मध्ये आणि नंतर पॉल आर्थर याच्यासह १९९२ मध्ये ही चर्चा इमारतीच्या आत नेली. त्यांच्या मते वाट शोधणे म्हणजे एकामागून एक निर्णय घेणे होय. त्यामुळे निर्णय जेथे घ्यावा लागतो, म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी, वऱ्हांड्याच्या वळणावर किंवा लिफ्टच्या दाराशी, तेथेच फलक उपयोगी पडतो. निर्णयाची जागा टळल्यावर आलेली पाटी चूक झाल्याची वर्दी तेवढी देते. फलक वाढवल्याने वाट सोपी होते, ही समजूतही या विचाराने मोडीत निघाली. ज्या ठिकाणी निर्णयच घ्यायचा नाही, तेथील पाटी इतर पाट्यांचे महत्त्व कमी करते.

ऑर्से : वास्तूबरोबर घडलेली ओळख

उपयोग बदललेल्या वास्तूसाठी फलकयोजना व दृश्य ओळख यांचा एकत्र विचार कसा करता येतो, याचे सुपरिचित उदाहरण पॅरिसमधील ऑर्से संग्रहालय हे आहे. ही वास्तू मूळची कार्यालयीन नव्हे. परंतु तिच्या जागेचा इतिहास कार्यालयापासूनच सुरू होतो. तेथे पूर्वी राज्यपरिषद व लेखा न्यायालय ज्यात होते तो ऑर्से प्रासाद १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या वेळी जळाला. त्याच भूखंडावर व्हिक्टर लालू याच्या आराखड्याप्रमाणे १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी रेल्वे स्थानक व त्याला जोडून हॉटेल उभे राहिले. विजेवर चालणाऱ्या गाड्या लांब होत गेल्या, फलाट अपुरे पडले आणि १९३९ मध्ये लांब पल्ल्याची वाहतूक थांबली. ओसाड स्थानकात ऑर्सन वेल्स याने ‘द ट्रायल’ या १९६२ मधील चित्रपटाचे चित्रीकरण केले. न्यायालयाच्या अगम्य दालनांत वाट हरवलेल्या माणसाची काफ्काची कथा सांगण्यासाठी त्याला ही वास्तू योग्य वाटली, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आपला उपयोग हरवलेली वास्तू माणसालाही हरवते.

पाडण्याच्या बेतातून ही वास्तू वाचली. १९७३ मध्ये तिची वारसा सूचीत नोंद झाली, १९७७ मध्ये संग्रहालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबर १९८६ मध्ये ते जनतेसाठी उघडले. अंतर्गत रचना इटालियन वास्तुशिल्पी गाए आउलेंती यांनी केली. सुमारे १३८ मीटर लांब व ३२ मीटर उंच अशा मुख्य दालनात पूर्वी प्रवाशाला चुकण्याची भीती नव्हती. फलाट डोळ्यांसमोर असत. संग्रहालयासाठी मात्र या एका पोकळीत मजले, मार्गिका व लहान दालने बसवावी लागली आणि १८४८ ते १९१४ या काळातील कलाकृती एका क्रमाने दाखवायच्या होत्या.

फलकयोजना व बोधचिन्ह यांची स्पर्धा १९८३ मध्ये, म्हणजे संग्रहालय उघडण्याच्या तीन वर्षे आधी झाली. ती ब्रुनो मोंगुझ्झी व ज्यां विडमेर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या रचनाकारांनी जिंकली. संग्रहालयाच्या नावातील ‘एम’ व ‘ओ’ ही अक्षरे आणि ‘द’ या अव्ययाच्या लोपाचे चिन्ह म्हणून फ्रेंचमध्ये येणारा स्वल्पविरामासारखा फरकाटा, एवढ्यांवर त्यांचे बोधचिन्ह उभे आहे. अक्षरांची घडण एकोणिसाव्या शतकातील छपाईची आठवण देणारी, जाड व बारीक रेषांचा ठळक भेद असलेली आहे. संग्रहाचा काळ व वास्तूचा काळ यांना ते एकाच वेळी स्पर्श करते. स्थानकाची प्रचंड घड्याळे काढली गेली नाहीत. पूर्वी ती गाडीची वेळ दाखवत. आज भेटीची जागा ठरवणारी ठळक खूण म्हणून ती काम करतात. लिंचच्या परिभाषेत सांगायचे तर जुन्या उपयोगाचा अवशेष नव्या उपयोगाची दिशा दाखवतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे फलकयोजनेचा विचार बांधकाम चालू असतानाच झाला पाहिजे. दुसरी म्हणजे दृश्य ओळख वास्तूचा भूतकाळ पुसून निर्माण करावी लागत नाही.

मुंबई : दगडातील जुन्या खुणा आणि नवे अभ्यागत

मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील सरकारी वास्तूंचे उपयोग अनेकदा बदलले आहेत. कुलाब्याच्या दिशेने जाताना संग्रहालयासमोर दिसणारी, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स याने आखलेली इमारत १८७० च्या दशकात खलाशांच्या निवासासाठी बांधली गेली. १९२८ मध्ये सरकारने ती मुंबई विधिमंडळासाठी घेतली. पुढे महाराष्ट्र विधानसभेचे कामकाजही तेथेच चालले. १९८१ मध्ये नरिमन पॉइंट येथील विधानभवन सुरू झाल्यानंतर तेथे राज्य पोलीस मुख्यालय आले. दर्शनी त्रिकोणात कोरलेला समुद्रदेव नेपच्यून मात्र जागचा हलला नाही. खलाशांसाठी तो योग्य ओळखफलक होता. विधिमंडळाच्या काळात तो शोभेचा राहिला. पोलीस मुख्यालयाच्या माथ्यावर तो आज इतिहासाची खूण म्हणून उभा आहे. दगडातील पाटी खोटी ठरली तरी उतरवता येत नाही. तिच्याजवळ खरी पाटी लावावी लागते.

जुन्या सचिवालयाची कथा अधिक महत्त्वाची आहे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याच्या आराखड्यानुसार ही व्हेनिशियन गॉथिक शैलीतील वास्तू १८६७ ते १८७४ या काळात उभी राहिली. पहिल्या मजल्यावर कौन्सिलचे सभागृह, तसेच गव्हर्नर व कौन्सिलचे सभासद यांच्या खोल्या होत्या. निरनिराळी खाती वेगवेगळ्या मजल्यांवर होती आणि त्यांना जोडणारे लांब वऱ्हांडे होते. म्हणजेच सॉमरसेट हाऊसच्या उभ्या वाटणीऐवजी येथे आडवी वाटणी होती. दारावरून खाते ओळखता येणे शक्य नव्हते. येणाऱ्याला आधी मजला, मग वऱ्हांडा आणि मग खोली शोधावी लागे. वसाहतकालीन प्रशासनाने यावर काढलेला तोडगा माणसाच्या रूपातला होता. दाराशी बसलेला पट्टेवाला हा त्या इमारतीचा चालताबोलता फलक होय. वाट सांगणे त्याच्या मर्जीवर होते आणि कोणाला आत सोडायचे हेही. पाटी नसणे ही येथे उणीव ठरत नव्हती, कारण सामान्य रयतेने आत येणे अपेक्षितच नव्हते.

१९५५ मध्ये नवे सचिवालय बांधले गेले. तेच १९७५ पासून मंत्रालय या नावाने ओळखले जाऊ लागले. जुन्या वास्तूत शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरू लागले. वास्तूचे अभ्यागत आमूलाग्र बदलले. जेथे कारकून फायली घेऊन जात, तेथे पक्षकार, साक्षीदार, जामीनदार, आरोपींचे नातेवाईक येऊ लागले. यांतील अनेकांची ती पहिलीच खेप असते आणि मनःस्थिती शांत नसते.

न्यायालयात वाट चुकणे ही साधी गैरसोय नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नुसार, पुकारा झाला असता वादी हजर नसेल तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो आणि प्रतिवादी नसेल तर एकतर्फी चालू शकतो. तो पुन्हा उभा करण्याची तरतूद संहितेत आहे, परंतु त्यासाठी नवा अर्ज, नवी तारीख व नवा खर्च करावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या न्यायदालनाऐवजी पहिल्या मजल्यावर ताटकळत बसलेल्या पक्षकाराला चुकीच्या जागेची किंमत अशी मोजावी लागू शकते. वाट ठाऊक नसलेल्या माणसाच्या भोवती वाट विकणारे मध्यस्थ जमतात, हा कोणत्याही मोठ्या सरकारी कचेरीचा अनुभव आहे. स्पष्ट फलक मध्यस्थाचे एक भांडवल काढून घेतो. म्हणून न्यायालय किंवा सरकारी कार्यालय यांतील फलकयोजनेकडे न्यायप्रवेशाचा एक भाग म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

देवनागरी फलकाचे प्रश्न

पाश्चात्य फलकयोजनेचे नियम मराठी फलकाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. देवनागरीत मोठी व लहान अशी दुहेरी अक्षरे नाहीत, त्यामुळे किनिर व कॅल्व्हर्ट यांचा मुख्य नियम येथे अर्थहीन होतो. शब्दाचा आकार येथे शिरोरेषेवरील व अक्षराखालील चिन्हांनी बनतो. वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार वर, तर उकार खाली येतो. परिणामी समान उंचीच्या पट्टीत रोमन व देवनागरी ओळी बसवल्या, तर देवनागरी अक्षराचे मुख्य अंग लहान पडते आणि दुरून वाचायला कठीण जाते. दोन्ही लिपींना समान न्याय द्यायचा असेल, तर देवनागरी ओळीला अधिक उंची द्यावी लागते. समान मापाचा आग्रह येथे प्रत्यक्षात विषमता निर्माण करतो.

दुसरा प्रश्न अक्षरवळणाचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणाची रूपे मान्य केली. मात्र संगणकावरील अनेक देवनागरी अक्षरसंचांत हिंदी वळणाची रूपे आधी उमटतात. फलक तयार करणाऱ्याने जाणीवपूर्वक निवड केली नाही, तर पाटी मराठी असूनही वळण परके राहते. निर्णयसागर छापखान्यातील जावजी दादाजी यांच्यापासून र. कृ. जोशी यांच्यापर्यंत देवनागरी अक्षररचनेची मोठी परंपरा मुंबईत घडली. त्या शहरातील शासकीय वास्तूंच्या फलकांनी या परंपरेकडे पाठ फिरवणे उचित नव्हे.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराची भाषा केले आणि पाट्यांवर मराठी आली. तथापि, ‘प्रबंधक’, ‘अधीक्षक’, ‘अभिलेख कक्ष’ यांसारखे शब्द लिपीने मराठी असले तरी अभ्यागताच्या तोंडी नसतात. ‘रेकॉर्ड रूम कुठे आहे’ असे विचारत आलेल्या माणसाला ‘अभिलेख कक्ष’ ही पाटी समोर असूनही सापडत नाही. येथे पारिभाषिक शब्दाजवळ रूढ शब्द देणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

निरक्षर व परप्रांतीय अभ्यागतांसाठी चित्रचिन्हांचा उपाय सुचवला जातो. भारताला तो नवा नाही. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, साक्षरता सुमारे १८ टक्के असताना, मतदाराला उमेदवार ओळखता यावा म्हणून निवडणूक चिन्हे वापरली गेली. मुंबईच्या उपनगरी गाडीतील महिलांच्या डब्यावर रंगवलेली डोक्यावर पदर घेतलेली स्त्री ही चित्रचिन्हाचीच देशी आवृत्ती आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिको शहराच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चिन्ह देण्यात आले, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र ‘नक्कल विभाग’ किंवा ‘मुद्रांक’ यांचे चित्र काढणे शौचालय वा जिना यांच्या चित्राइतके सोपे नाही. अमूर्त कामांसाठी क्रमांक व रंग यांचाच आधार घ्यावा लागतो. मायकेलँजेलोच्या मुखवट्याचा धडा येथेही लागू पडतो.

कायदा, वारसा आणि फलक

अलीकडील कायद्यांनी फलकाला वैधानिक स्थान दिले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये माहिती प्रसृत करण्याच्या साधनांत सूचनाफलकाचा समावेश आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कार्यालयाने आपल्या सेवांची यादी सूचनाफलकावर लावणे अपेक्षित आहे. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात लिफ्टमध्ये ब्रेल चिन्हे व ध्वनिसंकेत यांचा उल्लेख होता. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या अधिनियमाने सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेची जबाबदारी अधिक व्यापक केली. अमेरिकेत १९९० च्या अशाच कायद्यानंतर कायम स्वरूपाच्या खोल्यांच्या पाट्यांवर उठावाची अक्षरे व ब्रेल आवश्यक ठरले आणि पाटी दाराच्या कडीकडील भिंतीवर हाताला लागेल अशा उंचीवर लावण्याचा दंडक पडला. दृष्टिहीन व्यक्तीला पाटी कोठे शोधावी हे आधीच ठाऊक असेल, तरच ब्रेलचा उपयोग होतो. त्यामुळे पाटीच्या मजकुराइतकीच तिची ठरलेली जागा महत्त्वाची ठरते.

दुसऱ्या बाजूला वारसा जतनाची बंधने आहेत. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. जुने सचिवालय ज्याचा भाग आहे तो दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. अशा वास्तूच्या कोरीव दगडात खिळे ठोकून पाटी लावणे योग्य नाही. जोडलेली वस्तू मूळ वास्तूला इजा न करता काढता आली पाहिजे, असा आधुनिक जतनशास्त्राचा दंडक आहे. त्यामुळे जमिनीवर उभे राहणारे फलक, छताखालून टांगलेल्या पट्ट्या किंवा दगडाऐवजी सांध्यातील चुन्यात बसवलेले आधार असे पर्याय निवडावे लागतात.

सुगम्यता व जतन यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे मुंबईतीलच एका प्रयोगाने दाखवले आहे. दादाभाई नौरोजी मार्गावरील कमानींच्या इमारतींचे दर्शनी भाग दुकाने व कार्यालये यांच्या मोठमोठ्या पाट्यांनी झाकले गेले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास करून पाट्यांविषयी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. पाटी कमानीच्या मर्यादेत बसावी आणि कोरीव भाग मोकळा राहावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. दुकानदारांच्या सहकार्याने हे काम झाले व २००४ च्या युनेस्को आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. पाट्या लहान झाल्या, तरी एकमेकींना झाकेनाशा झाल्यामुळे वाचणे सोपे झाले.

निष्कर्ष

१. कार्यालयीन वास्तू मुळात वाट ठाऊक असलेल्यांसाठी आखलेली असते. ती सार्वजनिक झाली की फलकयोजना जिना किंवा दार यांच्याइतकीच वास्तूचा आवश्यक घटक बनते. म्हणून तिची तरतूद परिवर्तनाच्या मूळ आराखड्यातच व्हावयास हवी.
२. सॉमरसेट हाऊसची उभी आणि जुन्या सचिवालयाची आडवी वाटणी यांवरून असे दिसते की फलकांची गरज वास्तूच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते. एका इमारतीची योजना दुसरीत उचलून बसवता येत नाही.
३. जुन्या उपयोगाच्या खुणा, मग तो ऑर्सेचे घड्याळ असो वा मुंबईचा नेपच्यून, पुसण्याची गरज नसते. नव्या ओळखीत त्यांना स्थान देता येते.
४. मराठी फलकासाठी देवनागरीचे माप, मराठी वळण व रूढ शब्द यांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व उपयोजित कला या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे संशोधनक्षेत्र आहे.

समारोप

वसाहतकालीन सचिवालयात वाट सांगणारा पट्टेवाला होता आणि त्याने सांगितलेली वाट ही मेहेरबानी होती. त्याच वास्तूत आज येणारा पक्षकार नागरिक या नात्याने येतो. त्याने वाट विचारावी आणि कोणीतरी उपकार केल्यासारखी ती सांगावी, ही स्थिती वास्तूचा उपयोग बदलला तरी प्रशासनाची जुनी वृत्ती टिकून राहिल्याची निदर्शक ठरते. योग्य जागी, योग्य मापाने व समजेल अशा मराठीत लावलेली पाटी खर्चाने लहान असते. तिच्यामुळे घाबरलेल्या माणसाला कोणापुढेही हात न पसरता आपल्या न्यायदालनापर्यंत पोहोचता येते आणि पुकारा होईल तेव्हा तो तेथे हजर असतो.